ड्रोनच्या बॅटरीचे पॉइंट पुन्हा पुन्हा काळे पडतात? पॉलिश पेपर आधी बाजूला ठेवा

फवारणीचा हंगाम लागला की माझ्याकडे पलूस, तासगाव, वाळव्याकडून येणाऱ्या ड्रोनांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "दादा, बॅटरी गेली वाटतं." बॅटरी तपासावी तर सेल ठणठणीत. बिघडलेला असतो कनेक्टर, म्हणजे बॅटरी आणि ड्रोन जिथं एकमेकांना जोडतात तो पॉइंट. तो साफ केला की ड्रोन उडतो आणि काही दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. मधल्या काळात कुणीतरी त्यावर पॉलिश पेपर फिरवलेला असतो.

खालचं सगळं प्रामुख्यानं १० लिटर टाकीच्या फवारणी ड्रोनसाठी आहे. त्यात १२एसची (म्हणजे १२ सेल एकापाठोपाठ जोडलेली) एक बॅटरी असते किंवा ६एसच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ, जोडलेल्या असतात. लग्नाच्या शूटिंगच्या छोट्या ड्रोनबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

लक्षणं

- बॅटरी जोडली तरी ड्रोन चालू होत नाही. प्लग जरा दाबला, हलवला की होतो.
- टाकी भरलेली असताना उचलला की व्होल्टेज एकदम खाली येतं, लो बॅटरीची सूचना वाजते. अर्धी टाकी मोकळी झाली की तीच बॅटरी शहाण्यासारखी चालते.
- उतरवल्यावर बॅटरी कोमट आणि प्लगला मात्र चटका.
- प्लगचं प्लास्टिक तपकिरी पडलंय, किंवा प्लग काढायला पूर्वीपेक्षा जास्त जोर लागतो. प्लास्टिक मऊ होऊन बसलं की असं होतं.
- जोडताना आधी टिक असा आवाज यायचा, आता फट्ट होऊन ठिणगी उडते.
- चार्जर एखादा सेल शून्य दाखवतो, किंवा चार्जिंग मध्येच तोडतो.
- स्मार्ट बॅटरी (जिच्या आत स्वतःचा बोर्ड असतो ती) असेल तर बॅटरीशी संपर्क नाही, अशी सूचना येते आणि जाते.

दुसऱ्या लक्षणानं सगळ्यात जास्त लोक फसतात आणि चांगली बॅटरी बाद करतात. त्यामागचा हिशेब सोपा आहे. भरलेला ड्रोन साधारण २५ किलोचा असतो. तो हवेत धरायला १०० अँपिअरच्या आसपास करंट लागतो. पॉइंटचा रोध १ मिलिओहम असेल तर १०० अँपिअरला तिथं ०.१ व्होल्ट पडतं आणि १० वॅट उष्णता होते. तोच रोध १० मिलिओहम झाला की १ व्होल्ट गायब आणि उष्णता १०० वॅट. जुन्या काळच्या शंभराच्या बल्बची सगळी धग, तीही सुपारीएवढ्या जागेत. टाकी रिकामी झाली की ड्रोन १५ किलोवर येतो, करंट जवळपास निम्मा होतो. उष्णता करंटच्या वर्गानं बदलते, म्हणून ती चौथाईवर येते. दोष तिथंच असतो, फक्त दिसेनासा होतो. साध्या बॅटरीत ड्रोन व्होल्टेज मोजतो ते प्लगच्या पलीकडे, स्वतःच्या बाजूला. त्यामुळे प्लगमध्ये पडलेलं व्होल्टही तो बॅटरीच्याच नावावर मांडतो.

हात लावण्याआधी

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढा. १२एस बॅटरी पूर्ण भरली की ५०.४ व्होल्टची असते. भीती शॉक बसण्याची नाही, दोन पॉइंटमध्ये धातू आडवा पडण्याची आहे. म्हणून एका वेळी एकच पॉइंट उघडा ठेवायचा, दुसऱ्यावर टोपी. टोपी हरवली असेल तर इन्सुलेशन टेप गुंडाळा. बॅटरी ड्रोनपासून पूर्ण सुटी करा आणि ड्रोनच्या बाजूला हात लावण्याआधी दोन-चार मिनिटं जाऊ द्या, आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज राहिलेला असतो. बॅटरी फुगलेली दिसली तर इथंच थांबा, खालचं काहीही करू नका.

आधी नुसतं बघा: काळं नेमकं कुठं आहे?

याला पैसे लागत नाहीत आणि अर्धं निदान इथंच होतं. मोबाइलचा टॉर्च लावा, कॅमेरा झूम करून पॉइंटचा फोटो काढा आणि फोटोच मोठा करून बघा. भर उन्हात डोळ्यानं जे दिसत नाही ते फोटोत दिसतं.

काळा डाग फक्त पिनच्या टोकाला असेल, बारीक खड्ड्यांसारखा, तर ती ठिणगीची खूण. बॅटरी जोडताक्षणी ड्रोनमधले रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि टोकाशी धातूचा कण जळतो. करंट वाहून नेण्याचं खरं काम टोक करत नाही, पिनची बाजू करते. त्यामुळे टोकावरच्या डागानं लगेच काही बिघडत नाही. एक्सटी-९०एस आणि एएस-१५० या कनेक्टरमध्ये ठिणगी टाळायला ५.६ ओहमचा रोध बसवलेला असतो. पिन आत जाताना आधी त्या रोधातून जोडणी होते. ५०.४ व्होल्टला करंट ९ अँपिअरवर थांबतो, कपॅसिटर भरतात आणि मग मुख्य जोडणी होते. म्हणून प्लग आधी टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग एका दमात पूर्ण आत ढकलायचा. लाल-काळे प्लग वेगवेगळे असतील तर ज्यात हा ठिणगी टाळणारा रोध, म्हणजे अँटिस्पार्क, आहे तो नेहमी शेवटी. अशा कनेक्टरलाही फट्ट आवाज येत असेल तर तो रोध गेला असं समजा. साफ करून तो परत येत नाही.

काळं पिनच्या बाजूला असेल, पाकळ्यांवर (पिनच्या स्प्रिंगसारख्या दाबून बसणाऱ्या पट्ट्यांवर) किंवा सॉकेटच्या आतल्या भिंतीला आणि त्याला निळसर-जांभळी झाक असेल, तर ती उष्णतेची खूण. हा पॉइंट मळलेला नाही, सैल आहे. सैल पॉइंट कितीही पुसा, पुन्हा काळा पडणारच. परत परत येणारे ड्रोन बहुतेक याच प्रकारातले असतात.

तिसरा प्रकार निळा-हिरवा थर. तो औषधाचा असतो किंवा गंजाचा. त्याबद्दल पुढे.

मग अदलाबदल

हेही फुकट आहे. बॅटऱ्यांवर पक्क्या मार्करनं नंबर टाका. आजवर टाकले नसतील तर आजच टाका. ज्या बॅटरीला त्रास आहे ती ओळखीच्या दुसऱ्या तशाच ड्रोनला लावून बघा, आणि त्याची चांगली बॅटरी तुमच्या ड्रोनला. दोन ६एस सिरीजमध्ये असतील तर जोडी फोडू नका, जोडीच बदला. त्रास बॅटरीबरोबर गेला तर दोष बॅटरीच्या प्लगमध्ये किंवा बॅटरीत. सगळ्याच बॅटऱ्यांना तुमच्याच ड्रोनवर त्रास होत असेल तर दोष ड्रोनच्या बाजूला.

मित्राची बॅटरी मागण्याआधी एक काळजी घ्या. तुमच्या ड्रोनचा प्लग जळका असेल तर तो मित्राच्या बॅटरीचा प्लगही खराब करतो. तापलेल्या पॉइंटला टेकलेली चांगली पिनसुद्धा तापते आणि तिच्या पाकळ्यांचा ताण उतरतो. मग ती बॅटरी दुसऱ्या ड्रोनला लावली की तिथंही तेच. पाच बॅटऱ्या एकामागून एक "गेल्या" अशी तक्रार येते तेव्हा मी आधी ड्रोनकडचा प्लग बघतो.

प्लग पूर्ण बसतो का?

सॉकेटच्या तळाशी मातीचा खडा किंवा वाळलेल्या औषधाची पपडी असेल तर प्लग एक-दोन मिलिमीटर वर राहतो. बाहेरून बसलाय असं वाटतं. चांगल्या जोडीच्या फोटोशी ताडून फट बघा. जत, आटपाडी, माण, खटावकडची मुरमाची धूळ सुटी असते, कोरड्या नायलॉन ब्रशनं निघून जाते. नदीकाठची काळी माती ओली असताना आत गेली तर वाळून घट्ट बसते, ती लाकडी टूथपिकनं हळू उकरावी लागते. सुई, स्क्रूड्रायव्हर नको.

फुंकर तोंडानं मारू नका, वाफ आणि थुंकी आत जाते. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवाही नको. त्या टाकीत पाणी आणि तेल साचलेलं असतं, तेच पॉइंटवर फवारलं जातं. कॅमेरावाल्यांकडे रबरी फुगा मिळतो तो बरा.

आता ओली सफाई

लागेल आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्के. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. पेट्रोल, थिनर तर बाटलीही उघडू नका, प्लास्टिक मऊ होतं.

पिनच्या बाहेरून धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसायचं. सॉकेटच्या आत दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश उत्तम जातो, मेडिकलमध्ये मिळतो. त्याच्या मधल्या तारेवर प्लास्टिकचं आवरण आहे ना, ते बघून घ्या. नुसती तार असेल तर तो बॅटरीच्या बाजूला वापरू नका. कापूस लावलेल्या काडीचे धागे पाकळ्यांत अडकतात, म्हणून मला ती आवडत नाही. अल्कोहोल ब्रशवर घ्या, बाटली सॉकेटवर उपडी करू नका. मळ निघायचा थांबेपर्यंत कापडाची बाजू बदलत राहा. मग किमान दहा-पंधरा मिनिटं सावलीत उघडं ठेवा. ही घाई जीवावर येऊ शकते. अल्कोहोलची वाफ पेट घेते आणि बॅटरी जोडताना ठिणगी पडते.

पॉलिश पेपर का नको, ते इथं. पिनवर सोन्याचा मुलामा असतो, मायक्रॉनच्या हिशेबातला. त्याखाली पितळ किंवा तांबं. चार वेळा पेपर फिरवला की मुलामा गेला. पॉइंट त्या दिवशी लख्ख दिसतो, ड्रोनही उडतो, म्हणून माणसाला वाटतं जमलं. पण उघडं पडलेलं पितळ आपल्याकडच्या दमट हवेत आणि औषधाच्या तुषारात लगेच काळवंडतं. भुरी रोगासाठी गंधक मारत असाल तर आणखी लवकर, गंधक तांब्या-पितळाला काळं करतो. शिवाय घासल्यानं पिन बारीक होते, म्हणजे आणखी सैल. मग पुन्हा पेपर. ब्लेड, फाइल, तारेचा ब्रश, सगळ्यांचं हेच.

गाडीच्या बॅटरीला व्हॅसलीन किंवा ग्रीस लावायची आपल्याला सवय असते. तिथं ते ठीक आहे, इथं नको. दिवसातून कितीतरी वेळा काढघाल होणाऱ्या प्लगला ग्रीस लावलं की शेतातली धूळ त्यात मळून घासणीची लुगदी होते. गंज सोडवायचे तेलकट स्प्रेही याच कारणानं नकोत.

निळा-हिरवा थर

द्राक्षबागेत डाऊनी रोगासाठी कॉपरचं (तांब्याचं) औषध फिरवणाऱ्यांच्या ड्रोनवर हा हमखास दिसतो. आधी ओलसर कापडानं ड्रोनच्या बाजूची पिन पुसून बघा. थर कापडावर निळा उतरला तर ते नुसतं औषध होतं. डिस्टिल्ड वॉटरनं पुसा, मग अल्कोहोल, काम झालं. गॅरेजमध्ये बॅटरीत टाकायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटरच, फक्त चुकून ॲसिडची बाटली उचलू नका.

थर कडक चिकटलेला असेल आणि खाली खडबडीत लागत असेल तर पितळच गंजलंय. ड्रोनच्या बाजूला, बॅटरी जोडलेली नसताना, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये जेमतेम ओली केलेली कापडाची चिंधी थरावर टेकवता येते. सुटलं की लगेच डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, मग अर्धा तास वाळवण. बॅटरीच्या बाजूला व्हिनेगर अजिबात नको. तिथं पॉइंट जिवंत असतात, व्हिनेगर वीज वाहतं, आणि पाकळ्यांच्या चिरेत राहिलेला थेंब पुढे पितळ खातच राहतो. बॅटरीकडची पिन इतकी गंजली असेल तर प्लग बदलायचा.

हा थर येतो कुठून ते एकदा शेतात उभं राहून बघा. टाकीत औषध ओतणारा आणि बॅटरी बदलणारा माणूस एकच असतो. ड्रोन उतरतो, तो नळी बाजूला टाकतो, त्याच हातमोज्यानं प्लग धरतो. हातमोज्याच्या अंगठ्यावर निळा थेंब लोंबत असतो, तो प्लग ओढताना सॉकेटच्या कडेला लागतो आणि पुढची बॅटरी जोडली की पिनबरोबर आत जातो. ड्रोन उडताना लागणाऱ्या तुषारापेक्षा हा थेंब जास्त नुकसान करतो. बॅटरीला वेगळा माणूस, कोरडे हात. माणूस नसेल तर निदान हातमोजा काढून, हात पुसून. विद्राव्य खतं फवारतानाही हेच लागू, ती शेवटी क्षारच आहेत.

सैल आहे का, हे कसं ओळखायचं?

बॅटरीतून निघणारा करंट लाल आणि काळ्या, दोन्ही प्लगमधून सारखाच जातो. म्हणजे दोन्ही सारखेच तापले पाहिजेत. भरलेल्या टाकीची एक फेरी मारून ड्रोन उतरवा, सावलीत घ्या आणि लगेच दोन्ही प्लगच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू लावा. एक कोमट आणि एक कडक तापलेला, तर तापलेला दोषी. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात सगळंच तापलेलं असतं, तरी ही तुलना उपयोगी पडते, कारण ऊन दोघांनाही सारखंच लागलेलं असतं.

लेझर थर्मामीटर असेल तर आणखी बरं. ताप मोजायची कोरोनातली गन नको, ती माणसाच्या तापमानापुरतीच असते. आणि नेम चकचकीत धातूवर धरू नका, आकडा खोटाच कमी येतो. प्लास्टिकवर किंवा काळ्या टेपच्या तुकड्यावर धरा.

दुसरी खूण हाताला कळते. नवीन जोडी आत जाताना शेवटपर्यंत सारखा दाब लागतो. सैल झालेली सुरुवातीलाच सुळकन जाते. एक्सटी-९० ची पिन ४.५ मिलिमीटरची, एएस-१५० ची ७ मिलिमीटरची. पाकळ्या दिसायला जाड असतात, पण उष्णतेनं मेल्या की परत उठत नाहीत.

स्क्रूड्रायव्हरनं पाकळ्या फाकवायचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. काही उड्डाणं तो टिकतोही. मग पाकळी मुळाशी चिरते आणि उरलेल्या पाकळ्यांवर करंटचा बोजा वाढतो. बॅटरीच्या बाजूला तर जिवंत पॉइंटमध्ये लोखंड घालणं झालं. कनेक्टरच्या किमतीसाठी लाखोंचा ड्रोन उसात पाडायचा का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

नवीन प्लग घातल्यावर पुन्हा तेच होत असेल तर तारेकडे बघा. जाड तार लोंबत राहिली की उड्डाणातल्या थरथरीनं प्लग सतत सूक्ष्म हलतो, मुलामा झिजतो आणि काळी भुकटी तयार होते. प्लगच्या अलीकडे वेल्क्रोच्या पट्टीनं तार फ्रेमला बांधून टाका.

बारीक पिना

चार्जर सेल शून्य दाखवत असेल तर मोठा प्लग सोडून पांढऱ्या बॅलन्स प्लगकडे बघा, ज्यात प्रत्येक सेलची बारीक तार येते. एखादी पिन मागे सरकलेली असते किंवा तार मुळाशी तुटलेली. मल्टिमीटरनं शेजारच्या पिनांमध्ये मोजा. मीटरची टोकं निसटून दोन पिना जोडू देऊ नका. भरलेला सेल ४.२० व्होल्ट, साठवणीतला ३.८० ते ३.८५. मीटर बरोबर दाखवतोय आणि चार्जर शून्य, तर दोष चार्जरच्या बाजूच्या सॉकेटचा. मीटरलाही शून्य आणि बाकीचे सेल ठीक, तर तार तुटलेली असू शकते किंवा सेल मेलेला. दोन्हीत ती बॅटरी चार्जिंगला लावायची नाही.

शूटिंगचे छोटे ड्रोन

यांच्यात करंट कमी, पण संपर्काच्या पट्ट्या नाजूक. महाबळेश्वर, कासकडे धुक्यात उडवून थंड बॅटरी गरम गाडीत आणली की पट्ट्यांवर दव धरतं. बॅग बंद ठेवूनच तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. पट्ट्या अल्कोहोलच्या कापडानं लांबीच्या दिशेनं पुसा. खोडरबर नको, तोही घासतोच आणि त्याचा चुरा आत पडतो. पट्टी वाकलेली दिसली तर चिमट्यानं सरळ करायला जाऊ नका.

इथं हात थांबवा

फुगलेली, भोक पडलेली, गोडसर वास येणारी बॅटरी. प्लगचं प्लास्टिक वितळलेलं. पाण्यात बुडालेली बॅटरी, मग ती शेततळ्यात पडलेली असो की २०१९ सारख्या पुरात घरात पाणी शिरून भिजलेली असो. बाहेरून वाळली तरी आत ओल राहते आणि आग कधीही लागू शकते. अशी बॅटरी घराबाहेर, गोठ्यापासून, पाचटापासून लांब, धातूच्या डब्यात वाळूवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. स्मार्ट बॅटरीचं कवच उघडू नका, आतल्या बोर्डाचं काम सर्व्हिस सेंटरचं.

प्लग बदलायचं कामही घरी नको. मोबाइल दुरुस्तीवाल्याचा छोटा सोल्डर इतकी जाड तार तापवू शकत नाही. वरून चकाकी येते, आत जोडाचा टाका कच्चा राहतो आणि तोच पुढे वितळतो. शिवाय दोन्ही तारा एकदम सोलल्या तर काय होतं ते बघायची वेळ कुणावर येऊ नये. तुमचा ड्रोन टाइप सर्टिफिकेटचा, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मान्यता असलेला, असेल तर कनेक्टर मूळ जातीचाच बसवून घ्या, दुसऱ्या जातीचा नाही. वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला विचारा.

नेताना बॅटरी साठवणीच्या व्होल्टेजवर आणा, मात्र प्लग वितळलेला असेल तर त्यासाठी ती उडवायची किंवा चार्जरला लावायची नाही. पॉइंटवर टोप्या लावा. ज्या ड्रोनवर त्रास झाला त्याचा प्लगही दाखवायला घेऊन जा, नुसती बॅटरी नको. आणि निघण्याआधी पॉइंट पुसू नका. काळं कुठं आणि कसं पडलंय, हे बघूनच कारागीर सांगतो की प्लग सैल होता, टाका कच्चा होता की अँटिस्पार्क गेला होता.